पस्तीस युनिट, पण कुठल्या सिरिंजवर? कामेच्छेच्या पेप्टाइडचं एक प्रकरण

वय ३९. पुण्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी, दोन मुलांची आई. त्वचेच्या डॉक्टरांकडे आली ती वांगाची तक्रार घेऊन. दोन आठवड्यांत दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर काळपट डाग उमटले होते. मैत्रिणीने सांगितलेली स्टेरॉइडची ट्यूब दहा दिवस चोळून झाली होती, फरक काही नव्हता. वांग गरोदरपणात येतो, गर्भनिरोधक गोळ्यांवर येतो, उन्हाने वाढतो. इथपर्यंत कुणाला वेगळी शंका यायचं कारण नव्हतं. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगून टॉर्च मारला. हिरड्यांवर, दातांच्या अगदी मुळाशी, राखाडी-काळी कड दिसली. आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्या जन्मतः सावळ्या असतात, म्हणून तेवढ्यावर काही ठरत नाही. पण ही कड नवी होती. सहा महिन्यांपूर्वी दात साफ करून घेतले तेव्हा हिरड्या गुलाबी होत्या, हे तिला पक्कं आठवत होतं. वांग हिरड्यांवर येत नाही.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. ब्रेमेलॅनोटाइड या कामेच्छेच्या इंजेक्शनच्या वापरात जिथे जिथे घसरायला होतं त्या जागा एकाच रुग्णकथेत आणून ती रचली आहे. तिच्या तपासण्यांचे आकडे त्या रचनेचा भाग आहेत. औषधाबद्दलचे आकडे मात्र अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकातले आणि चाचण्यांमधले आहेत.

चेहरा आणि हिरड्या एकदम काळवंडल्या की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ॲडिसनच्या आजाराचं. त्यात मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कमी पडतात, त्यांना हाकण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक भरमसाट सोडते, आणि हे एसीटीएच त्वचेतल्या रंगपेशींनाही चाळवतं. पण ॲडिसनमध्ये रक्तदाब खाली असतो, वजन उतरतं, मीठ खावंसं वाटतं. हिचा रक्तदाब १३८/८८ भरला. सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल १४ मायक्रोग्रॅम, सोडियम १३९, पोटॅशियम ४.२. गर्भधारणेची चाचणी नकारात्मक. ॲडिसन नाही. म्हणजे शरीर स्वतः एसीटीएच वाढवत नव्हतं, पण रंगपेशींना तसाच निरोप कुठून तरी पोचत होता.

औषधं कोणती चालू आहेत, हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारून झाला होता. उत्तर होतं, "एक गोळी, झोपेची." दुसऱ्या भेटीत प्रश्न बदलला: "ताई, गोळ्या सोडून काही घेता का? इंजेक्शन, नाकात मारायचा स्प्रे, पावडर? डॉक्टरांनी दिलेलं नसलं तरी चालेल, बाहेरून मागवलेलं असलं तरी सांगा." तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अहो डॉक्टर, ते औषध नाही, पेप्टाइड आहे."

या एका वाक्यात निम्मी अडचण आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्सुलिनही त्याच कुळातलं. साखळी आखूड आहे किंवा शरीरातल्या एखाद्या रेणूसारखी दिसते म्हणून ती सौम्य ठरत नाही. ती कुठल्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या जागेवर, जाऊन बसते, यावर सगळं ठरतं.

फ्रिजच्या दारातून आणलेल्या कुपीवर 'पीटी-१४१, १० मिग्रॅ, फक्त संशोधनासाठी' एवढंच छापलेलं होतं. पीटी-१४१ म्हणजे ब्रेमेलॅनोटाइड. त्याचा उगम अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात आहे. तिथे उन्हात न जाता त्वचा सावळी करणारा रेणू शोधण्याचं काम चालू होतं. त्यातल्या मेलॅनोटॅन-२ या रेणूच्या चाचणीत पुरुषांना आपोआप ताठरता येऊ लागली, आणि त्यावरून पुढे ब्रेमेलॅनोटाइड तयार झालं. आधी ते नाकातल्या स्प्रेच्या रूपात आणायचा प्रयत्न झाला. रक्तदाब वाढण्याच्या शंकेमुळे तो २००८ मध्ये सोडून दिला गेला. त्वचेखाली घ्यायच्या इंजेक्शनच्या रूपात अमेरिकेच्या एफडीएने २१ जून २०१९ रोजी मान्यता दिली, व्हायलीसी या नावाने. मान्यताही फार अरुंद आहे: पाळी अजून चालू असलेल्या स्त्रिया, ज्यांची इच्छा पूर्वी ठीक होती आणि नंतर कमी झाली, प्रसंग कुठलाही असो ती कमीच राहते, त्याचा त्यांना स्वतःला त्रास होतो, आणि या घसरणीमागे दुसरा आजार, औषध किंवा नात्यातला ताण नाही. पुरुषांसाठी मान्यता नाही, पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी नाही.

त्वचा काळी करण्याच्या शोधातून जन्मलेला रेणू त्वचा काळी करतो, यात नवल नाही. ब्रेमेलॅनोटाइड मेलॅनोकॉर्टिन ग्राहींवर काम करतं. मेंदूतली चौथ्या प्रकारची ग्राही इच्छेशी जोडलेली आहे. इच्छेवरचा परिणाम तिथून होत असावा असं मानतात, नेमकी साखळी अजून उलगडलेली नाही. त्वचेतली पहिल्या प्रकारची ग्राही रंगपेशींवर बसलेली असते, आणि औषध तिलाही सोडत नाही. एसीटीएच याच पहिल्या ग्राहीवर बसतं, म्हणून ॲडिसनची आणि या इंजेक्शनची खूण एकाच जागी उमटते. सिल्डेनाफिलसारखी गोळी रक्तवाहिन्यांवर काम करते, तिचा मेंदूतल्या इच्छेशी संबंध नाही. हे औषध संप्रेरकही नाही, त्यामुळे हार्मोनच्या तपासण्यांमध्ये त्याचा मागमूस सापडत नाही. विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

आता हिशेब. माहितीपत्रकातला डोस १.७५ मिलिग्रॅम. तो ०.३ मिलिलिटर द्रवात भरलेल्या एकदाच वापरायच्या पेनमधून पोटावर किंवा मांडीवर, संबंधाच्या किमान ४५ मिनिटं आधी घ्यायचा. २४ तासांत एकापेक्षा जास्त नाही, महिन्यात आठपेक्षा जास्त नाही. पेनमध्ये मोजायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही, आणि ते मुद्दाम आहे.

कुपीत मात्र कोरडी पावडर असते आणि सगळं मोजणं घरच्या माणसावर येतं. नवऱ्याने इंटरनेटवर वाचलं होतं: १० मिग्रॅच्या कुपीत २ मिली पाणी घाला, म्हणजे एका मिलीत ५ मिग्रॅ होतात, इन्सुलिनच्या सिरिंजवर ३५ युनिटपर्यंत ओढा, झाले १.७५ मिग्रॅ. हे गणित चुकलेलं नाही, पण ते यू-१०० सिरिंजचं आहे. तिथे १०० युनिट म्हणजे १ मिली, ३५ युनिट म्हणजे ०.३५ मिली. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन आजही मोठ्या प्रमाणावर ४० युनिट प्रति मिली या ताकदीत मिळतं, आणि त्यासाठीची लाल टोपणाची यू-४० सिरिंज कुठल्याही औषधाच्या दुकानात समोरच्या बरणीत असते. यू-१०० चं टोपण केशरी. "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटल्यावर जी देतात तीच दुकानदाराने नवऱ्याला दिली. लाल टोपणाच्या सिरिंजवर ३५ युनिट म्हणजे ०.८७५ मिली, म्हणजे जवळजवळ ४.४ मिग्रॅ. डोस अडीचपट. त्या सिरिंजवर बरोबर रेघ होती चौदावी.

चूक समोरच लिहिलेली होती. २ मिलीच्या कुपीतून ०.३५ मिलीचे पाच डोस निघून थोडं उरायला हवं होतं. यांची कुपी दोन डोसांत संपत होती. नवऱ्याला वाटलं कुपीत माल कमी भरतात. दहा कुप्यांच्या खोक्यातल्या नऊ सहा आठवड्यांत संपल्या, १८ डोसांत. महिन्याकाठी १२ डोस, सुमारे ५२ मिग्रॅ. माहितीपत्रकाची मर्यादा महिन्याला आठ डोस, म्हणजे १४ मिग्रॅ. पावणेचारपट औषध शरीरात गेलं होतं, तेही कुपीवर छापलेले १० मिग्रॅ खरे मानले तर. अशा कुपीत नेमकं किती आणि काय आहे, हे कुठल्याही औषध नियंत्रकाने तपासलेलं नसतं.

पाण्याचाही घोळ होता. एक कुपी दोन-तीनदा वापरायची तर जंतूंची वाढ रोखणारं, बेंझिल अल्कोहोल घातलेलं पाणी लागतं. दुकानात मिळालं ते नेहमीचं इंजेक्शनचं पाणी, प्लास्टिकच्या कुपीतलं, ज्यात जंतुरोधक काही नसतं आणि जे उघडल्यावर एकदाच वापरायचं असतं. त्यात कालवलेली कुपी चार-चार दिवस फ्रिजच्या दारात दूध-दह्याशेजारी राहिली. पोटावर दोन ठिकाणी लालसर गाठ आली होती आणि आपोआप विरली. इंजेक्शनच्या जागी लाली येणं पेनवरही होतं, शंभरात तेरा जणींना. गाठ गरम लागली, दुखरी होत गेली, ताप आला, तर मात्र तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दाखवायचं.

पहिल्या रात्रीचं वर्णन तिने सविस्तर केलं. इंजेक्शननंतर पंधरा-वीस मिनिटांत चेहरा तापला, कान लाल झाले. चाळीस मिनिटांनी मळमळ सुरू झाली, तासाभरात तीन उलट्या. "ज्यासाठी घेतलं त्याचा विचारसुद्धा नकोसा झाला होता," असं ती म्हणाली. डोकं ठणकत होतं. तीन तासांनी सासऱ्यांच्या मशिनवर रक्तदाब १६४/१००, नाडी ६२. एरवी तिची नाडी ७४ च्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्तदाब १३६/८६.

यातली एकही गोष्ट अनपेक्षित नाही, फक्त प्रमाण वाढलेलं आहे. बरोबर डोसावर, चाचण्यांमध्ये, शंभरात ४० स्त्रियांना मळमळ झाली. औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत एका-दोघींना. साधारण तासाभरात सुरू होते, दोनेक तास टिकते, पहिल्या डोसाला सर्वांत जास्त असते. शंभरात २० जणींचा चेहरा तापला, ११ जणींचं डोकं दुखलं, पाचेक जणींना उलटी झाली. रक्तदाब सरासरी वरचा ६ आणि खालचा ३ अंकांनी चढतो, दोन ते चार तासांत शिखरावर जातो, बहुधा १२ तासांत उतरतो, आणि त्याच वेळी नाडी थोडी मंदावते. दाब वर आणि नाडी खाली, ही जोडी या औषधाची सही म्हणावी इतकी ठरलेली आहे. सरासरी ६ हा आकडा निरोगी माणसाला क्षुल्लक आहे. पण हिचा दाब गेल्या वर्षी दोनदा १३६/८८ च्या आसपास भरला होता आणि तो विषय तिथेच सुटला होता. आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयरोग असेल तर हे औषध घ्यायचंच नाही, असं माहितीपत्रक स्पष्ट बजावतं. काठावरचा दाब, अडीचपट डोस आणि दाब न मोजता घेतलेलं इंजेक्शन, हे तिन्ही एकत्र आलं.

त्या रात्री एक गोष्ट थोडक्यात हुकली. नवरा उलटीची गोळी आणायला खाली जाणार होता, दुकान बंद निघालं. उलटीसाठी आपल्याकडे पटकन दिली जाते ती ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन. आणि 'झोपेची गोळी' म्हणून ती जी घेत होती ती निघाली एसिटालोप्रॅम, नैराश्यावरची गोळी, १० मिग्रॅ. एसिटालोप्रॅम आणि या दोन्ही गोळ्या हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा कालावधी लांबवतात. निरोगी माणसात एखादी गोळी सहसा निभावून जाते, पण उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असताना, डॉक्टरला न विचारता, हा जोडा घालू नये. अशा रात्री पाठ टेकून पडावं, घोट-घोट जलसंजीवनी घ्यावी, अर्ध्या तासाने दाब मोजत राहावा. छातीत दुखणं, नजर धूसर होणं, असह्य डोकेदुखी, दाब १८०/१२० ला पोचणं, किंवा पाणीही पोटात न ठरणं, यांतलं काहीही झालं तर सरळ दवाखाना. तिथे कुपी सोबत न्यायची. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरला 'पीटी-१४१' हे अक्षर-आकडे दिसले तर अर्धा तास वाचतो.

नंतरच्या डोसांना मळमळ कमी होत गेली. त्यामुळे दोघांचा समज झाला की शरीराला सवय झाली, आता सगळं ठीक आहे. मळमळीची सवय होते, रंगपेशींचं उलट आहे: तिथे प्रत्येक डोस साठत जातो. महिन्याला आठपर्यंत डोस घेणाऱ्यांत डाग पडण्याचं प्रमाण शंभरात एक होतं. पण रोज एक असे सलग आठ दिवस डोस दिल्यावर ते ३८ टक्क्यांवर गेलं, चेहरा, हिरड्या आणि स्तनांवर. सावळ्या त्वचेत धोका जास्त. आणि औषध थांबवल्यावर सगळ्यांचेच डाग गेले, असं आढळलेलं नाही. गव्हाळ-सावळ्या मराठी बाईला हे इंजेक्शन देण्याआधी हे एकच वाक्य सांगितलं, तरी निम्म्या जणी 'नको' म्हणतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. हिला कुणी सांगितलंच नव्हतं. स्टेरॉइडच्या ट्यूबने त्यात भर घातली: चेहऱ्याची त्वचा पातळ झाली, लाल शिरा दिसू लागल्या, डाग तसेच.

मग फायदा? फायदा आहे आणि तो खोटा नाही. मान्यता ज्यांवर मिळाली त्या दोन चाचण्यांमध्ये मिळून १,२०० हून अधिक स्त्रिया होत्या, २४ आठवडे. इच्छा १.२ ते ६ या मोजपट्टीवर मोजली. तीत किमान १.२ अंकांची वाढ झाली ती औषध घेणाऱ्यांत सुमारे शंभरात २५ जणींना, नुसतं इंजेक्शन घेणाऱ्यांत १७ जणींना. इच्छा नसल्याबद्दलचा मनस्ताप एक अंकाने किंवा जास्त कमी झाला तो ३५ जणींचा विरुद्ध ३१ जणींचा. समाधानकारक संबंधांची संख्या मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. त्रासामुळे औषध सोडणाऱ्या १८ टक्के, दुसऱ्या गटात २ टक्के. हे आकडे एकाच ताटात ठेवून पाहायला हवेत: शंभर जणींनी घेतलं तर औषधामुळे म्हणून ठळक फरक पडणाऱ्या आठेक, मळमळणाऱ्या चाळीस. त्या आठांपैकी एखादीला वर्षानुवर्षं हरवलेली ओढ परत जाणवली, तर तिच्यासाठी ती लहान गोष्ट नाही. म्हणून हे औषध थोतांड म्हणून उडवून लावणंही अन्यायाचंच. पण ते कुणासाठी आहे, हे ठरवणारी पायरी इथे ओलांडली गेली.

ती पायरी पाच प्रश्नांची आहे. स्त्रियांच्या कमी झालेल्या इच्छेसाठी डॉक्टर जी छोटी प्रश्नावली वापरतात तिचा आशय असा: पूर्वी तुमची इच्छा तुम्हाला पुरेशी वाटायची का? ती कमी झाली आहे का? त्याचा तुम्हाला त्रास होतो का? ती वाढावी असं तुम्हाला वाटतं का? आणि पाचवा: यामागे आजार, औषधं, गरोदरपण किंवा नुकतं बाळंतपण, संबंधात दुखणं किंवा कोरडेपणा, जोडीदाराचा प्रश्न, नात्यातली नाराजी, ताण किंवा थकवा यांपैकी काही असू शकेल का? पहिल्या चारांना 'हो' आणि पाचव्याला सरळ 'नाही', असं असेल तरच ब्रेमेलॅनोटाइडचा विषय सुरू होतो.

तिची उत्तरं नवऱ्याला बाहेर बसवून घेतली गेली. ते आवश्यकच होतं. पूर्वी सगळं ठीक होतं. कमी कधी झालं? चौदा महिन्यांपूर्वी. एसिटालोप्रॅम कधी सुरू झालं? पंधरा महिन्यांपूर्वी, आई गेल्यानंतर. इच्छा आणि परमोच्च क्षण दोन्ही मंदावणं हा या गटातल्या गोळ्यांचा सर्वांत परिचित परिणाम आहे, आणि तो तिला कुणी सांगितला नव्हता. गोळीला ती 'झोपेची' म्हणत आली, कारण घरात नैराश्याची गोळी म्हणायची सोय नव्हती. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ९, दोन्ही कमी. पाळीला सात दिवस जास्त रक्तस्राव. रात्री अकराला स्वयंपाकघर आवरून झोपणारी, पहाटे पाचला डबे करणारी. थायरॉइडची टीएसएच तपासणी आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक ठीक. तिसऱ्या प्रश्नावर ती थोडी थांबली. "मला त्रास होतो का, की यांना होतो म्हणून मला होतो, ते मला सांगता येणार नाही," असं तिचं उत्तर होतं. या उत्तरावर तरी इंजेक्शन देता येत नाही. दुसऱ्याच्या नाराजीवर हिच्या पोटात सुई टोचणं हा उपचार नाही.

अठरा डोसांपैकी चार-पाच वेळा, मळमळ ओसरल्यावर, "काहीतरी वाटलं" असं ती प्रामाणिकपणे सांगते. तो औषधाचा परिणाम, की दोघांनी ती संध्याकाळ मोकळी ठेवली होती त्याचा, हे आता वेगळं काढता येणार नाही. डोस चुकला, कारण दुसरंच होतं, त्यामुळे औषधाची परीक्षा झालीच नाही.

पुढची आखणी चौघांत वाटली गेली. इंजेक्शन त्या दिवसापासून बंद. त्वचेच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडची ट्यूब थांबवली, दर तीन तासांनी सनस्क्रीन, आणि अंगावरच्या सगळ्या तिळांचे फोटो काढून ठेवले. याच कुळातलं मेलॅनोटॅन-२ वापरणाऱ्यांत नवे तीळ आल्याच्या आणि जुने बदलल्याच्या नोंदी आहेत, म्हणून. यकृताच्या चाचण्या केल्या: ब्रेमेलॅनोटाइडच्या एका वापरकर्तीला दहा डोसांनंतर तीव्र हिपॅटायटिस झाल्याची आणि चार महिन्यांत ती सावरल्याची नोंद माहितीपत्रकात आहे. हिचं एएलटी (यकृताला इजा झाली की वाढणारं विकर) ३१ निघालं, म्हणजे ठीक. फिजिशियनने सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी दाब मोजायला सांगितला. सरासरी १३४/८६, म्हणजे मीठ, चालणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. स्त्रीरोगतज्ज्ञांनी जास्त पाळीसाठी सोनोग्राफी केली आणि लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड सुरू केल्या, चहापासून दोन तास लांब.

मानसोपचारतज्ज्ञांचं काम सर्वांत नाजूक होतं. एसिटालोप्रॅम एकदम तोडायचं नाही; चक्कर, झिणझिण्या, चिडचिड उसळते आणि मूळ आजार परतू शकतो. आठ महिने मनःस्थिती स्थिर असल्याचं पाहून १० वरून ५ मिग्रॅ, सहा आठवडे तसंच, मग पुढचा निर्णय. बदली म्हणून बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाचा विचार झाला, कारण इच्छेवर त्याचा दाब कमी पडतो. पण तेही रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून दाबाची तीन महिन्यांची नोंद हातात येईपर्यंत ते मागे ठेवलं. आईच्या जाण्याबद्दल ती कुणाशी बोललेलीच नव्हती. समुपदेशनाच्या पहिल्या दोन बैठका त्यातच गेल्या, आणि त्या वाया गेल्या असं म्हणता येत नाही.

नवऱ्याचेही प्रश्न होते, आणि ते टाळण्यासारखे नव्हते. हे पुरुषांनी घेतलं तर? ब्रेमेलॅनोटाइडला पुरुषांसाठी मान्यता नाही, आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर ती तातडीची बाब आहे. मेलॅनोटॅन-२ मुळे तसं घडल्याच्या नोंदी आहेत. किसपेप्टिन नावाचं दुसरं पेप्टाइड चांगलं म्हणतात? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ३२ स्त्रिया आणि ३२ पुरुषांवर केलेल्या दोन छोट्या अभ्यासांत मेंदूच्या इच्छेशी निगडित भागांत फरक दिसला. पण तिथे ते शिरेतून, दवाखान्यात, देखरेखीखाली दिलं होतं. त्यावरून बाजारातल्या कुपीबद्दल काही ठरत नाही. आणखी एक गोष्ट त्याला मुद्दाम सांगितली गेली, कारण त्याच्या भावाचं दारू सोडवण्याचं औषध चालू होतं आणि कुपी तिकडे जाण्याची शक्यता होती: ब्रेमेलॅनोटाइड पोट रिकामं होण्याची गती मंदावतं आणि तोंडाने घेतलेल्या नाल्ट्रेक्सोनचं, म्हणजे दारू सोडवण्याच्या औषधाचं, रक्तातलं प्रमाण खूप उतरवतं. नाल्ट्रेक्सोनवर असलेल्या माणसाने ते घ्यायचंच नाही.

पुढेमागे कारणं दूर होऊनही इच्छा परतली नाही आणि तिला स्वतःला ते हवं असेल, तर रस्ता बंद झालेला नाही. दाब आटोक्यात, गर्भनिरोधनाची सोय, मोजून भरलेलं पेन, डॉक्टरांची चिठ्ठी, पहिला डोस दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना आणि संबंधाची अपेक्षा न ठेवता. आठ आठवड्यांत फरक नाही पडला तर बंद. फक्त डाग एकदा पडलेल्या त्वचेला पुन्हा हेच औषध द्यायचं का, या प्रश्नाचं उत्तर तिच्या बाबतीत बहुधा 'नाही' असंच येईल.

पाचव्या महिन्यात ती तपासणीला आली तेव्हा गालांवरचे डाग निम्म्याहून फिके झाले होते, ओठावरचा अजून लांबून ओळखू येत होता. हिमोग्लोबिन १२.१. एसिटालोप्रॅम ५ मिग्रॅवर. इच्छेबद्दल विचारल्यावर म्हणाली, "कधी कधी. आणि आता विचारतात तरी." हिरडीवरची कड खालच्या पुढच्या चार दातांशी तशीच होती. उरलेली दहावी कुपी आणि सगळ्या सुया तिने पत्र्याच्या डब्यात घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून आणल्या होत्या. दवाखान्याच्या जैववैद्यकीय कचऱ्यात त्या टाकताना नर्सने डब्यातून एक सिरिंज बाहेर काढली, लाल टोपण तिला दाखवलं, आणि चौदाव्या रेघेवर बोट ठेवलं.